कडब्यातली साखर

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हाला आठवीत विज्ञान शिकवायचे. एके दिवशी ते वर्गात ज्वारीचे चार दाणे आणि समईसाठी वळलेली कापसाची वात घेऊन आले. दाणे ठेचून त्यांवर आयोडीनचा थेंब टाकला. काळानिळा डाग उमटला. वातीवर थेंब टाकला. ती नुसती पिवळट झाली. "डाग पडला तिथे स्टार्च, हे पुस्तकात आहे," सर म्हणाले. "पुस्तकात नाही ते सांगतो. दोन्हीकडे साखर एकच आहे, ग्लुकोज. दाणा खाऊन तुम्ही जगता. वात खाऊन जगणार नाही. का, ते शोधा."

पुढे मी चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढली ती या प्रश्नापायी, असं म्हणालो असतो तर सर हसले असते. नोकरी मिळाली म्हणून काढली, हे त्यांना ठाऊक होतं. पण प्रश्न मात्र तोच होता.

धाटं, पेंढा, चिपाडं, लाकूड यांत कोंडलेली साखर विकरांकरवी मोकळी करायची आणि तिच्यापासून इंधन, प्लॅस्टिक, रसायनं बनवायची, हा माझा आजचा विषय. विकर म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो ते एन्झाइम: पेशींनी बनवलेलं, स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच उठून जाणाऱ्यांचं नुकसान होणार नाही. विकरं सुधारण्याचं काम चांगलं झालं आहे. गाडी अडली आहे ती दुसरीकडे; आणि ती अडण्यात 'टाकाऊ' या एका शब्दाचा वाटा मोठा आहे.

भाकरीचा घास जरा जास्त वेळ चावला की गोड लागू लागतो. लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्चची साखळी तोडत असतं. वात दिवसभर चघळली तरी गोड लागत नाही. दोन्ही साखळ्यांच्या कड्या ग्लुकोजच्याच, पण त्या एकमेकींत अडकवण्याची तऱ्हा निराळी. स्टार्चमध्ये सगळ्या कड्या एकाच अंगाने जोडलेल्या असतात, त्यामुळे साखळी मळसूत्रासारखी वळत जाते. तिच्यात पाणी शिरतं, विकर शिरतं. सेल्युलोजमध्ये दर दुसरी कडी उलटी बसते आणि साखळी सरळ, फितीसारखी होते. अशा फिती शेजारी-शेजारी, एकीवर एक इतक्या घट्ट बसतात की त्यांच्यामध्ये पाण्यालाही जागा उरत नाही.

यात वनस्पतीची चूक काही नाही. स्टार्च म्हणजे कणगीतलं धान्य; अंकुराला लागेल तेव्हा काढता यावं म्हणून ठेवलेलं. सेल्युलोज म्हणजे घराची भिंत. कणगीला झाकण असतं, ते उघडण्यासाठीच असतं. भिंत उघडण्यासाठी कुणी बांधत नाही.

आणि ही भिंत कोकणातल्या कुडाच्या भिंतीसारखी आहे. कारव्यांच्या जागी सेल्युलोजच्या जुड्या, त्या बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांच्या जागी हेमिसेल्युलोज, आणि वरून लिंपण केल्यासारखं लिग्निन. पिकागणिक प्रमाण बदलतं, पण ढोबळ मानाने वाळलेल्या धाटात पस्तीस-चाळीस टक्के सेल्युलोज, पाव भाग हेमिसेल्युलोज आणि पंधरा-वीस टक्के लिग्निन असतं. अमेरिकेतले रिचर्ड वुल्फेंडेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली हिशेब मांडला. विकराची मदत नसेल, तर साध्या तापमानाच्या पाण्यात या साखळीतले निम्मे बंध तुटायला सुमारे ५० लाख वर्षं लागतील. जंगलातला पालापाचोळा मात्र एक-दोन पावसाळ्यांत मातीत जिरतो. मधलं सगळं अंतर विकरं कापतात.

इतिहासात एक गंमत आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये आन्सेल्म पायेन आणि पर्सो यांनी मोड आणलेल्या जवापासून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. वेगळं काढलेलं हे पहिलं विकर. त्याच पायेनने १८३८ साली वेगवेगळ्या झाडांच्या लाकडात एकच पदार्थ असल्याचं दाखवलं, तोच सेल्युलोज. सरांच्या टेबलावरचे दाणे आणि वात, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेले होते. पण वातीचं विकर नीट हाती लागायला आणखी शंभरावर वर्षं गेली, आणि ते लागलं तेही एका नुकसानीतून.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी फौजेचे तंबू, पट्टे आणि कपडे कुजू लागले. कापूस, दमट हवा आणि बुरशी. आपल्याकडे श्रावणात ट्रंकेतल्या कपड्यांचं होतं तेच, फक्त फौजेच्या मापाने. सॉलोमन बेटांवर कुजलेल्या कापडावरून एक बुरशी वेगळी काढली गेली. तिचा नोंदणी क्रमांक 'क्यूएम ६ए'. त्यातली 'क्यूएम' ही फौजेच्या क्वार्टरमास्टर खात्याची खूण. फौजेचे शास्त्रज्ञ एल्विन रीस आणि मेरी मॅंडेल्स यांना मुळात कूज थांबवायची होती. काम करता करता त्यांच्या ध्यानात आलं, की जी बुरशी तंबू खाते ती त्याची साखर करते. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत तिचं महत्त्व एकदम वाढलं. १९७७ साली तिला रीस यांच्यावरून 'ट्रायकोडर्मा रीसाय' हे नाव मिळालं. या बुरशीचे जे वाण आज उद्योगात विकरं बनवतात, ते सगळे त्या एकाच नमुन्याचे वंशज आहेत.

ही बुरशी भिंत कशी फोडते? एकट्याने नाही, टोळीने. एक विकर साखळीला मध्येच कुठेतरी छेद देतं. दुसरं त्या छेदाशी उघड्या पडलेल्या टोकाला धरतं. या दुसऱ्याची रचना पाहण्यासारखी आहे: त्याच्या अंगात एक बोगदा असतो. साखळीचं टोक बोगद्यात ओवलं जातं आणि विकर पुढे सरकत दोन-दोन साखरांचे तुकडे मागे टाकत जातं. तिसरं विकर त्या जोड्या सोडवून सुटं ग्लुकोज देतं. तिसरा गडी कमी पडला की जोड्या साचतात, बोगद्याचं तोंड तुंबतं आणि पुढचं काम मंदावतं. कारखान्यात हे नेहमीचंच.

२०११ साली टोकियोच्या कियोहिको इगाराशी आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान सूक्ष्मदर्शकाखाली ही विकरं सेल्युलोजवर चालताना प्रत्यक्ष पाहिली. एकामागे एक, एकाच दिशेने, सेकंदाला जेमतेम काही साखरा तोडत. पृष्ठभागावर खडबड आली की पुढचं विकर थांबतं, मागची त्याच्या पाठीशी खोळंबतात. अगदी खंबाटकी घाटातल्यासारखी कोंडी. एखादा बंद ट्रक हलला की सगळी रांग पुन्हा सुरू. इगाराशींनी तिला 'ट्रॅफिक जॅम'च म्हटलं. यातून एक साधी गोष्ट कळली: नुसतं वेगवान विकर करून भागत नाही, रस्ता मोकळा करणारंही लागतं.

रस्ता मोकळा करणारं सापडलं होतं, पण वर्षानुवर्षं चुकीच्या खात्यावर लिहिलेलं होतं. बुरशीतली काही प्रथिनं दुबळी सेल्युलेजं म्हणून नोंदवून ठेवली होती. एकटी ठेवली तर ती जवळजवळ काहीच करत नसत. २०१० साली नॉर्वेतल्या व्हिन्सेंट आइसिंक यांच्या गटाने दाखवलं, की अशा जातीची प्रथिनं पाण्याने बंध तोडतच नाहीत. ती तांब्याच्या एका अणूच्या आधाराने ऑक्सिडीकरण करतात आणि घट्ट, स्फटिकासारख्या पृष्ठभागावर थेट टाके मारतात. मग बोगदेवाल्यांना धरायला टोकं मिळतात. आज व्यापारी मिश्रणांत ही विकरं असतात. निसर्गाचा कारागीर आपल्या समोरच बसला होता. आपण त्याला मजूर समजून हजेरी लावत होतो.

आता सुधारणेकडे येतो. पहिली सुधारणा विकराची नव्हती, बुरशीच्या सवयीची होती. बुरशी काटकसरी असते. भोवती ग्लुकोज दिसलं की विकर बनवायचं थांबवते. शिजलेलं अन्न समोर असताना चूल कोण पेटवील? कारखान्याला ही काटकसर परवडत नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अतिनील किरण आणि रसायनांचा मारा करून १९७०च्या दशकाच्या अखेरीस 'रट-सी३०' हा वाण निघाला. त्याच्यातला तो लगाम मोडलेला होता. आज उद्योगातले वाण लिटरमागे १०० ग्रॅमहून अधिक प्रथिन बाहेर टाकतात.

याच गोष्टीची एक शाखा पुण्यात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या बुरशीच्या विकरांनी उसाच्या चिपाडाची साखर करण्याचं काम या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात झालं. पुढे दिल्लीच्या 'आयसीजीईबी' या संस्थेत सय्यद शम्स याझदानी यांच्या गटाला त्याच जातीचा, पुण्याच्या संग्रहातला 'एनसीआयएम १२२८' हा वाण हाती लागला. त्याच्या विकरांचं मिश्रण फार समर्थ निघालं. २०१८ साली त्यांनी त्याच्यातलाही साखरेचा लगाम काढला आणि विकराचं उत्पादन वाढवलं. संग्रहातल्या शीतपेटीत काचेच्या कुप्या सांभाळणाऱ्यांचं नाव कधी छापून येत नाही. म्हणून इथे त्यांची आठवण काढतो.

दुसरी वाट विकराचाच घाट बदलण्याची. खळ्यावर शेतकरी टपोरी कणसं बियाण्यासाठी बाजूला काढतो. पिढ्यानपिढ्या तसं केलं की वाण बदलतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९०च्या दशकात हेच विकरांवर केलं. जनुकात यदृच्छया बदल करायचे, हजारो विकरं तपासायची, बरी तेवढी निवडायची, त्यांच्यात पुन्हा बदल करायचे. २०१८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. सेल्युलोज तोडणाऱ्या बुरशीच्या विकरांचे तुकडे एकमेकांत मिसळून, जास्त उष्णता सोसणारी विकरंही त्यांच्या गटाने बनवली. उष्णता सोसणारं विकर जास्त दिवस काम करतं, म्हणून कमी लागतं.

पण या वाटेवर एक खड्डा आहे, आणि त्यात आम्ही सगळे पडलो आहोत. हजारो विकरं तपासायची तर परीक्षा झटपट हवी. म्हणून पाण्यात विरघळणारा, रंग देणारा सोपा पदार्थ घेतात. विकर त्या परीक्षेत पहिलं येतं आणि खऱ्या कडब्यासमोर नापास होतं. क्लासवाल्यांनी घोकून घेतलेल्या मुलासारखं. ज्याची परीक्षा घ्याल तेच मिळेल, एवढा धडा आमच्या क्षेत्राने फार महागात शिकला. प्रथिनाचा आकार संगणकावर रचण्याला आणि ओळखण्याला २०२४ सालचं नोबेल मिळालं. त्या साधनांनी आता निवड आधीच चोखंदळ होते. तरी शेवटची परीक्षा कडब्याचीच.

तरीही किमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी ऊर्जा खात्याने जेनेनकोर आणि नोव्होझाइम्स या कंपन्यांना पैसे देऊन मक्याच्या धाटांसाठी लागणाऱ्या विकराचा खर्च कमी करायला लावला. काही वर्षांतच तो वीस ते तीस पटींनी उतरल्याचं जाहीर झालं. म्हणजे आमच्या बाजूने काम झालं होतं. मग २०१४-१५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात धाटांपासून इथेनॉल करणारे मोठे कारखाने उभे राहिले: एमेट्सबर्गला पोएट-डीएसएम, नेवाडा गावात ड्यूपॉंट. ड्यूपॉंटने २०१७ साली गाशा गुंडाळायचं ठरवलं. एमेट्सबर्गचंही उत्पादन पुढे थांबलं. तेलाचे भाव २०१४च्या मध्यापासून कोसळले, धोरणं डळमळली, हे खरंच. पण ज्या कारणाने रोजचे हाल झाले ते ऐकून आमच्या पिढीच्या शास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. ते कारण म्हणजे माती. शेतातून गोळा केलेल्या धाटांच्या गाठींबरोबर वाळू येते, ओल येते. यंत्रं झिजतात, नळ्या तुंबतात. विकर बोगद्यातून साखळी ओढायला तयार होतं, पण कडबा कारखान्याच्या दारातच अडकत होता.

आपल्याकडची स्थिती पाहू. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला इंडियन ऑइलच्या दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे धान्याऐवजी पेंढ्यापासून करायच्या, इथेनॉलच्या प्रकल्पाचं लोकार्पण झालं. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं उद्दिष्ट. भागाकार करा: टनामागे १५० लिटर. टनभर मक्यापासून पावणेचारशे-चारशे लिटर निघतं, तेही विकराआधी भिंत सैल करायला लागणारा आम्लाचा आणि वाफेच्या स्फोटाचा खटाटोप न करता आणि कित्येक पटींनी कमी विकर घालून. मग पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा आपण २०२५ साली कशाच्या जोरावर गाठला? उसाचा रस, मळी, तांदूळ आणि मका यांच्या जोरावर. म्हणजे कणगीतून. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आणली तेव्हा आपल्या साखर कारखान्यांची कशी धावपळ झाली, आणि मक्याला मागणी वाढल्यावर कोंबडीवाल्यांनी कशी ओरड केली, हे तुम्ही पाहिलं आहे. भिंतीतली साखर अजून हिशेबात फारशी आलेलीच नाही.

आता त्या 'टाकाऊ' शब्दाकडे वळतो. पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा जाळतात, कारण गव्हाच्या पेरणीआधी मधे जेमतेम काही आठवडे उरतात. तिथे तो खरोखर नकोसा आहे, आणि पानिपतचा प्रकल्प तिथे शोभतो. पण आमच्या सोलापूर-मराठवाड्यात कडब्याला टाकाऊ म्हणून पाहा. मालदांडी ज्वारी लोक दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरतात. दुष्काळात कडब्याची पेंढी भाव खाते आणि दावणीची जनावरं चारा छावणीत जातात. उसाचं पाचट जाळू नका, सरीत कुजवा, असं कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतो आहे, कारण ते मातीचं अन्न आहे. चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातं आणि त्यावर वीज होते. विदर्भातली पऱ्हाटी कित्येक घरांची चूल पेटवते. ज्याला शहरातला अहवाल कचरा म्हणतो त्याला खेड्यात नाव असतं, आणि ज्याला नाव असतं त्याला बहुधा मालक असतो.

कडब्याच्या बाबतीत तर कारखान्याला थेट प्रतिस्पर्धी आहे, आणि ती दावणीला बांधलेली आहे. गाईचं कोठीपोट हा ३९ अंशांवर चालणारा विकरांचा कारखाना. आम्ल नाही, वाफेचा स्फोट नाही. चघळणं, रवंथ आणि असंख्य जंतू-बुरशी. दोन-तीन दिवसांत ती धाटातून बराचसा अर्क काढते. त्यातही एक खोच आहे. मोकळी झालेली साखर गाईच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. ती जंतू खातात आणि त्यांनी सोडलेल्या आम्लांवर गाय जगते. त्या आम्लांच्या बळावर दूध देते. वाटेत मिथेनही सोडते, तेवढा दोष मान्य करायला हवा. पण गाय साखर जाळून टाकत नाही, तिचं मोलाचं काही करते.

मला वाटतं, इथेच आपल्या विकरांना पुढची दिशा आहे. इंधन ही साखरेची सर्वांत स्वस्तातली विक्री. सेल्युलेजाला पहिलं मोठं यश इंधनात मिळालंच नाही. ते १९८०च्या दशकाअखेरीस जीनच्या पॅंटीत मिळालं. निळा रंग उडवण्यासाठी झावे दगड घालून कापड घुसळत असत, तिथे थोडं विकर पुरलं. कागदाच्या लगद्यात झायलेनेज हे विकर वापरून क्लोरीन कमी करता आलं. हेमिसेल्युलोजमधल्या झायलोजपासून झायलिटॉल होतं. बिनसाखरेच्या च्युइंगगममधला गोडवा अनेकदा त्याचाच. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल होतं आणि त्यापासून कुजणारं प्लॅस्टिक. अशा प्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प प्राजने २०२४ साली जेजुरीला सुरू केला. किलोमागे जास्त मोल मिळालं तर कडब्याच्या मालकालाही रास्त भाव देता येतो, आणि गाईशी स्पर्धा न करता, खरोखर जळून जाणाऱ्या पेंढ्यावर कारखाना उभा राहू शकतो.

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. विकराशी झटापट कशाला, वनस्पतीच मऊ करावी. तेही करून झालं. ज्वारीत लिग्निन कमी असलेले, पानांची मधली शीर तपकिरी दिसणारे वाण आहेत. जनावरांना त्यांचा कडबा जास्त पचतो. पण लिग्निन फार कमी झालं की वाऱ्यात ताटं लोळतात. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या लोळलेल्या शेतात मिळालं. वात खाऊन आपण जगत नाही, कारण कपाशी, ज्वारी, साग यांना आधी उभं राहायचं आहे. ज्याने उभं राहायचं त्याने सहज पचून चालत नाही. विकर सुधारणारा माणूस या एका गोष्टीशी घासाघीस करत असतो; तिच्यावर मात करत नाही.

सर गेले तेव्हा त्यांच्या गोठ्यात एक म्हैस होती; म्हणजे कडब्याचं मोल त्यांना ठाऊक होतं. वर्गात ते आम्हाला नेहमी सांगत, की प्रयोगाचा खर्च वहीत लिहा. इतकी वर्षं आम्ही विकराचा खर्च लिहिला, वाफेचा लिहिला, आम्लाचा लिहिला. कडब्याच्या रकान्यात मात्र बराच काळ शून्य लिहीत आलो. तो आकडा दुरुस्त करायला मी आज इथे उभा राहिलो.